माफी बन्सीनं नेली

झरी, ता. ७ फेब्रुवारी १९५५

ती. दैवशाला अक्काच्या चरणी रायभानचा शि. सा. न. वि. वि.

तुझं कार्ड पोचलं. बन्सीधरचं नाटक कसं झालं म्हणून इचारलंस. कसलं नाटक अन् कसलं काय! ना राजा, ना गाणं. सरकीची एक खोली अन् तिच्यात तीन जुने दोस्त, दोन घंटे मुसूमुसू रडायलेत. गोष्ट आमचीच, नावं तेवढी बदललेली. चौथ्याच्या मागं रझाकार लागलेत, तो बाहेरून कडी वाजवायलाय, अन् आतला एकजण भिऊन दार उघडू देत न्हाई. चौथा मरतो. सात वर्सांनी तिघं त्याच खोलीत जमतात अन् दार न उघडणारा आपला गुन्हा कबूल करतो. त्याचं काम बन्सीनं केलं.

गावाला याड लागलंय. ग्यानबा म्हणतो, असं नाटक परभणीतबी झालं न्हाई. बायनाबाईनं तर त्याची दृष्ट काढली. मी म्हणलं, रडायला काय अक्कल लागती? तर माझ्यावरच खेकसले.

कहर पुढंच हाय. रझाकारांनी मारलेल्या आपल्या सटवाजीची आई, मनकर्णाकाकू, जन्मात पहिल्यांदा नाटक बघायली. बन्सी कबूल करायला अन् म्हातारी उठून थेट मंचावर! तिला सारं खरंच वाटलं. त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, की लेकरा, माझ्या सटवाजीला दार तू उघडलं न्हाईस, तरी तुला माफ केलं. सारा गाव रडला. तवापासून बन्सी रोज तिच्याच हातची भाकरी खायलाय. माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

भावजींना नमस्कार. माया हाय तशीच ठेव.

तुझा रायभान


सेलू, ता. १३ फेब्रुवारी १९५५

चि. रायभानास अनेक आशीर्वाद.

लहानपणी बन्सीला बत्तासा जास्त मिळाला की तू जेवत नव्हतास. ती खोड गेली न्हाई रे बाबा! त्याचं कौतुक झालं की तुझ्या पोटात दुखतंच.

पण बन्सी काल मोंढ्याच्या बाजारात भेटला. नाटकाचं नाव काढलं तर त्यानं मान खाली घातली. म्हणाला, की काकूला खरं सांगावं तर दुसऱ्याचं नाव घ्यावं लागतंय. कुणाचं, ते सांगेना. खोलीत तुमी तिघंच हुता, त्यात मुंजाजी तापानं बेसुध. आता तूच लिही.

वाट बघायले. उशीर लावू नको.

तुझी अक्का


झरी, ता. २० फेब्रुवारी १९५५

ती. अक्कास शि. सा. न.

कडी मी धरली हुती. बन्सी उघडायला उठला, त्याला मीच खाली दाबला. सटवाजी माझंच नाव घेऊन हाका मारायला. सात वर्सं मी काकूच्या आळीनं गेलो न्हाई. अन् बन्सीनं काही केलं न्हाई, तरी माफी त्यानं नेली! टाळ्या गेल्या चुलीत. काकूचा हात माझ्या डोक्यावर पडायचा हुता, अक्का. त्यासाठी मी जळायलोय.

काल गेलो. तिच्या पायावर डोकं ठेवून सारं सांगितलं. बन्सी तिथंच जेवायला बसलेला, त्याचा घास हातातच राहिला. काकू चुलीकडं वळली. मग त्याच्या ताटात भाकरी वाढत म्हणाली, की माफ करायला मला सात वर्सं लागली. ती माफी मी बन्सीला देऊन बसले, आता माझ्यापाशी दुसरी न्हाई.

तुझा लोभ तरी उरला असंल, तर दोन ओळी टाक.

रायभान