पिवळं बनियन

चौसाळा, शुक्रवार, १९९६. घटस्थापनेला दोन दिवस.

ट्रॅक्टर एजन्सीवाल्या आण्णांनी आज ते पिवळं बनियन माझ्या हातात दिलं, तिथंच सगळं फिरलं. छातीवर एजन्सीचं नाव, एवढं मोठं. पुण्याच्या शर्यतीचं भाडं अन् स्पाईकचे बूट देतो म्हणले होते. कॉलेज सोडल्यापासून दारोदार हेच मागत फिरतोय.

मग अट सांगितली. "तुळजापूरहून देवीची ज्योत पोरं टेम्पोत आणतील. तू वेशीत उतर अन् देवळापर्यंत पळ. पेपरात येईल, एकट्यानं आणली."

"आण्णा, मी खरंच पळतो की. पोरांसोबत, पाळीपाळीनं."

"कशाला रं? फोटोत काय फरक पडतोय?"

फरक? वेशीत शोभा उभी असणार, तांब्या घेऊन. ज्योत आणणाऱ्याचे पाय धुवायची रीत हाय आमच्यात. रोज पहाटे हापशावरून मला पळताना बघते ती, बोलत न्हाई एक अक्षर. ती पाणी घालायला वाकली अन् माझ्या पायाला धूळच नसली तर? उतरताना थोडी फासून घ्यावी का? खोटं कशाला लिहू, हा विचारही केला. बूट लई डोळ्यापुढं नाचत होते.

शेवटी पिवळ्या बनियनची घडी घालून टेबलावर ठेवली.

आण्णा हसले. "पुण्यात काय अनवाणी पळणार?"

"आजवर कसा पळालो? ज्योत घेऊनच येतो. तुमच्या टेम्पोत न्हाई, टेम्पोच्या पुढं."

बाहेर आलो अन् त्यांचं दार माझ्याच हातानं ओढून घेतलं.