आदी पूस, मग हात लाव

आबा, काल तुमचं पित्तर झालं, आणि त्याच्या आदल्या दिवशी तुमचं ते वीतभर लाल इंजिन बंद पडलं. पान वाढायच्या आधी त्याने तख्त्यावरच्या रुळांवर एक फेरी मारायची, ही आपल्या घरची रीत. तुम्हाला ठाऊक नसेल ती कशी पडली. तुमच्या दहाव्याला कावळा शिवेना. थोरलीने हात जोडून आम्हा तिघी बहिणींची नावं घेतली, आईला नीट सांभाळू म्हणाली, तरी कावळा बाभळीवर ढिम्म. मग कोणीतरी सुचवलं म्हणून ती म्हणाली, तुमची गाडी तुमच्या हातची हाय तशी चालू ठिवू. लगेच शिवला. आई बाजूला उभी होती. चाळीस वर्षं तुमची भाकरी थापलेली बाई, तिच्यात तुमचा जीव नव्हता, हे तिला कावळ्याकडून कळलं.

तर आईने मला सुप्याहून बोलावून घेतलं. कंपनीतून तशीच आले. मिरजगावच्या घराची मागची खोली तुम्ही सोडून गेलात तशीच आहे, प्लायवूडचा तख्ता, त्यावरचे बोटभर रुंदीचे रूळ, रिमोट, आणि कोपऱ्यात तुमची तंबाखूची डबी, जी फेकायची कुणाची छाती होत नाही. रेल्वेत जन्मभर डिझेल इंजिनं हाकलीत आणि रिटायर झाल्यावर ही वीतभर इंजिनं परदेशातून मागवून त्यांना चालायला शिकवत बसलात. इंजिनाच्या पोटात नखाएवढी चकती असते, तिच्यात त्याचा नंबर आणि सगळ्या सवयी भरलेल्या असतात. किती हळू सुटायचं, चढावर किती जोर लावायचा. लाल इंजिनाला या सवयी लावायला तुम्हाला एक आख्खा हिवाळा लागला. तेवढा वेळ तुम्ही आमच्या तिघींना मिळूनही दिला नाहीत.

बनवणाऱ्या कंपनीतून आलेलं प्रत्येक इंजिन आधी तीन नंबरला ओ देतं. मग मालक त्याला आपला नंबर देतो. हे तुम्हाला कळलं त्या दिवशी तुम्ही किती हसला होता. मी तिसरी. माझ्या बारशाला तुम्ही आला नव्हता, ड्यूटी होती म्हणे. तुम्ही हसलात त्या दिवसापासून मी या घरात तीन नंबर झाले. एकदा डिप्लोमाच्या सुट्टीत मी घरी आहे. लाल इंजिन हलत नाही, तुम्ही अंगणात दाढी करताय, आणि तिथूनच म्हणता, "आदी पूस, मग हात लाव." चाकं तर मी स्पिरिटने केव्हाच पुसलेली. नगरच्या होस्टेलवर पुसणं म्हणजे फडक्याने पुसणं किंवा खोडून टाकणं, एवढंच. तुमच्या तोंडी पुसणं म्हणजे विचारणं हे माझ्या ध्यानातच आलं नाही. इंजिनाला आधी त्याचा नंबर विचार, असं तुम्ही सांगत होता. मी त्याची चकती पुसून कोरी केली. तुमचा हिवाळा गेला आणि इंजिन तीन नंबरवर आलं. पुढच्या हिवाळ्यात तुम्ही त्याला परत बावीस नंबर दिलात आणि पहिल्यापासून शिकवलंत.

तुम्ही मारलं नाहीत. मारलं असतं तर बरं होतं. सुप्याची मंडळी मला बघायला आली, मी पोह्यांचं ताट घेऊन उभी, आणि तुम्ही त्यांना ही गोष्ट रंगवून सांगितलीत. शेवटी म्हणालात, "हिला काय पुसू नका, ही पुसून टाकीन." सगळे पोट धरून हसले. स्थळ जमलं. तुमचा विनोदही हुंड्यासारखा माझ्याबरोबर गेला. नवरा आजही ओट्याशी उभ्या असलेल्या मला हाक मारतो, तीन नंबर, चहा टाक. त्याच्या मोबाईलमध्ये माझं तेच नाव आहे.

परवा मी इंजिन तपासलं, तुमच्याच शिस्तीत. निळं इंजिन त्याच रुळावर नीट फिरत होतं, म्हणजे वीज ठीक, रिमोट ठीक, खोट लालमध्येच. तुमचा बावीस नंबर दाबला, हूं नाही की चूं नाही. चाकांवर वर्षभराचा काळा थर होता, तो काढला. मग रुळाच्या सुट्या तुकड्यावर ठेवून नंबर विचारायचं बटण दाबलं. उत्तर देताना इंजिन जागच्या जागी बारीक हिसके देत आपला नंबर सांगतं, तुम्हीच दाखवलं होतं. आई दारात येऊन उभी राहिली.

काल त्याने फेरी मारली. झटक्याने सुटलं, वळणावर धडपडलं, झटक्याने थांबलं. आई बराच वेळ बघत होती.

"हे त्यांच्यावानी न्हाई चालत," ती म्हणाली.

मी म्हटलं, नाही चालत. तिने पान वाढलं, कावळाही आला आणि वडा घेऊन गेला.

हे पत्र पानापाशी ठेवायचं म्हणून लिहायला घेतलं होतं, आता ठेवत नाही. वाचून तुम्ही म्हणणार, पोरीला अक्कल न्हाई, परत चुकून पुसलं. म्हणून एवढं सांगून थांबते. चाकं साफ झाल्यावर इंजिनाने पहिला हिसका दिला होता, दुसराही दिला. ते तुमचा नंबर सांगायला लागलं होतं. मी बटण सोडलं, पुढचं ऐकलं नाही आणि चकती पुसून टाकली.