कुंडीत काय काय घातलंस

विनलॉ, स्लोकन खोरे
६ फेब्रुवारी २०२३

प्रिय सेन्या,

आपल्या रीतीने आधी वाकून नमस्कार. तुझी तब्येत बरी असेल. प्रिन्स रुपर्टला नेहमीसारखा पाऊस असेल. इथे बर्फ खिडकीच्या कठड्याला टेकला आहे. शाळेची बस चालवणं मी जूनमध्ये सोडलं. आता लोकांच्या पोरांवर ओरडायची सोय राहिली नाही, म्हणून घरातल्या भांड्यांवर ओरडते.

नाताळ नसताना माझं पत्र आलं म्हणजे कोणी गेलं, असं तुला वाटलं असेल. कोणी गेलेलं नाही. आई आहे, अठ्ठ्याऐंशीची. पण तिच्या मणक्यात गाठ निघाली आहे आणि डॉक्टरांच्या गोळ्या तिच्या पोटात ठरत नाहीत. कोबीच्या सूपाचे, बोर्श्टचे, चार चमचेही परत येतात. शेवटी डॉक्टरीणबाईंनीच गांजाचं तेल सुचवलं. आईने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दुकानातली बाटली मी तोंडाला लावणार नाही. आपल्या घरात, आपल्या हाताने वाढवलंस तर मग शेपू काय नि हे काय!" आणि ही तीच बाई, जिने आयुष्यात सिगरेटचा धूर अंगणात येऊ दिला नाही. ओढायचं नाही, लोण्यात कढवून द्यायचं, असं आमचं ठरलं आहे.

तेव्हा बाबांच्या खोलीत दिवा टांगून मी एक झाड लावलं आहे. हसू नकोस. आता कायद्याने घरटी चार झाडांची मुभा आहे. मी चौदा बिया भिजवल्या, त्यातली एक उगवली. हे झाड गेलं तर दुसरं लावून फुलायला आणखी चार-पाच महिने जातील, आणि तेवढे महिने आईकडे आहेत का, हे डॉक्टरीणबाई सांगत नाहीत.

आणि ते झाड आजारी आहे. शेंड्याची नवी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. मला वाटलं उपाशी आहे, म्हणून बाटलीतलं खत दुप्पट दिलं. तर खालच्या पानांची टोकं करपून वळली. दुकानदार म्हणाला मॅग्नेशियम द्या, ते दिलं. मग म्हणाला लोह द्या, तेही दिलं. शेंडा पिवळा तो पिवळाच. पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, मी रंगाचे थेंब टाकून तपासते, सहाच्या जरा वर येतो, म्हणजे पाण्यात खोट नाही. या बाटल्यांखेरीज कुंडीत मी काहीही घातलेलं नाही.

या खोऱ्यात याची जाण असलेले ढीगभर आहेत. शेजारच्या वास्यालाही विचारता आलं असतं, पण ते नको. ज्या गोष्टीपायी तू तुरुंगात गेलास तीच तुला विचारते आहे, हे मला कळतं. तरी विचारते, कारण मला हे झाड जगवायचं आहे, आणि ते मी जगवणार आहे.

उत्तराच्या वाटेवर डोळे लावून,
तुझी बहीण लुशा

*

विनलॉ
९ मार्च २०२३

प्रिय सेन्या,

वाकून नमस्कार. तुझं कार्ड पोचलं. माझ्या दोन पानांना तुझ्या सहा ओळी! "वरून घालतेस ते पाणी मोजू नकोस, कुंडीच्या खालून निघतं ते मोज. खायला भरपूर आहे, मुळांना ते घेता येत नाही, कारण मातीचा सामू चढला आहे. तो आपोआप चढत नसतो, लुशा. कुंडीत काय काय घातलंस? बी कुठून आणलंस? खरं लिही, नाहीतर मला विचारू नकोस. कापणीला आलं की मी येतो."

शेवटची ओळ मी आईला सात वेळा वाचून दाखवली. आठव्या वेळी तिने कार्ड माझ्या हातातून घेतलं आणि उशीखाली ठेवलं. ते अजून तिथेच आहे.

तू सांगितलंस तसं खालचं पाणी बशीत धरलं आणि थेंब टाकले. रंग गडद निळा आला. आठच्याही वर. मी बशीकडे बघत बसले आणि मला माझीच लाज वाटली.

तर तुझा पहिला प्रश्न. राख घातली. अंगणातल्या न्हाणीघराच्या चुलीतली बर्चच्या लाकडाची राख, दोन ओंजळी, आणि पंधरा दिवसांनी आणखी एक. कोबीला घालतो, बटाट्याला घालतो, आजोबांनीही घातली, तशी मी घातली. आपल्या पाइनखालच्या आंबट जमिनीला ती मानवते. कुंडीतली विकतची माती आधीच बेतून केलेली असते, तसं पिशवीवर छापलंही आहे, पण पिशवी कोण वाचतं! तुला पत्र लिहितानाच मला राखेची शंका आली होती. तरी लपवली. तू हसशील म्हणून, आणि दुसरं म्हणजे लपवायची मला सवय झाली आहे.

वरची चार बोटं माती खरवडून टाकली, ताजं पीट, ती दलदलीतली आंबट माती, भरलं. खत बंद केलं. सामू सहावर आणलेलं पाणी तीनदा आरपार सोडलं. बादल्या उचलून कंबर धरली. पण दहाव्या दिवशी शेंड्याला स्वच्छ हिरवं पान आलं, मग दुसरं आलं. करपलेली टोकं तशीच आहेत, ती काही सुधारायची नाहीत. फुलोरा धरतो आहे. एप्रिलच्या शेवटी कापणीला येईल.

आता तुझा दुसरा प्रश्न. तो मी इतके दिवस टाळला.

बी तुझंच आहे. तळघरातल्या फळीवरचा तुझा पत्र्याचा डबा. पोलिसांनी शहाण्णवच्या ऑक्टोबरात तळघरातलं सगळं नेलं, तो डबा मात्र त्यांना मिळाला नाही. कारण छाप्याच्या आदल्या दिवशी मी तो तिथून काढला होता. छापा येणार हे मला माहीत होतं. पोलिसांना फोन मीच केला होता.

वास्याने नाही, सेन्या. मी.

त्या आठवड्यात दोन माणसं अंगणात येऊन तुझी चौकशी करून गेली, हे तुला कधी सांगितलं नाही. एकाने कोट बाजूला करून बंदूक दाखवली. शस्त्र हाती धरायचं नाही म्हणून आपल्या पूर्वजांनी मायदेश सोडला, आणि इथे आईच्या दारात बंदूक! आई आत कणीक मळत होती. मी तिला म्हटलं, लाकूडवाले होते. दुसऱ्या दिवशी फोन केला. तुला महिनाभराची शिक्षा होईल असं मला वाटलं होतं, चौदा महिन्यांची झाली. तरी फोनबद्दल मी माफी मागणार नाही. तुझं प्रेत घरी येण्यापेक्षा तू तुरुंगात बरा, असं मला वाटलं होतं आणि आजही वाटतं.

माफी मागते ती पुढच्यासाठी. तू सुटून आलास, वास्यानेच तोंड उघडलं असं धरून चाललास, काही न विचारता त्याचे दोन दात पाडलेस आणि निघून गेलास. मी तिथे उभी होते. एक शब्द बोलले असते तर पुरलं असतं. बोलले नाही. वास्या अजून दर वर्षी विचारतो, "सेन्याचं पत्र आलं का गं?" आणि मी म्हणते, नाही.

काल त्याच्याकडे गेले, कारण तुझ्याआधी त्याला सांगणं भाग होतं. तो लाकडं रचत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"आणि मी इतकी वर्षं तुझ्या दारातला बर्फ काढतोय, बाई!"

"हो."

"माझे दात गेले, माझा मित्र गेला."

"माहीत आहे."

त्याने हातातलं लाकूड खाली ठेवलं. मग म्हणाला, "त्याला लिही. तो गाडीत बसायच्या आधी लिही. आल्यावर सांगितलंस तर ती पुन्हा फसवणूकच." आणि लाकडं उचलायला लागला. आज सकाळी दारात बर्फ तसाच होता. मीच काढला.

म्हणून हे पत्र आज टाकते आहे. रविवारी आईलाही सांगेन. तिला त्रास होईल, पण ती आता खोट्यावर जाऊ नये. तू आला नाहीस तरी मी झाड कापीन, सुकवीन, लोण्यात कढवीन आणि आईला चमच्याने भरवीन. तुला चिंता नको. पण तू ये. माझ्याशी बोलू नकोस हवं तर. मी न्हाणीघरात झोपेन, घर तुमचं दोघांचं. आईला पोराच्या हाताने एक घास मिळू दे, माझं दुसरं काही मागणं नाही.

इतकी वर्षं तू एका माणसाला शिव्या देत आलास. त्याचं खरं नाव खाली लिहिते.

लुशा