पुण्यात हीटर कशाला?

आबा,

पुण्यात कोणी गाडीला हीटर बसवून मागितला असता तर तुम्ही काय म्हणाला असता ते मला पाठ आहे. चष्मा नाकावर खाली ओढून तुम्ही त्याला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं असतं आणि म्हणाला असता, "एप्रिलात या. दार उघडं ठेवलंत की हीटर आपोआप लागतो." मीही जवळजवळ तसंच म्हणाले. पण समोरचा माणूस तेवढ्याने परत जाणाऱ्यातला नव्हता. लोणी काळभोरचा बागायतदार, साठीचा. त्याच्याकडे लिलावातून आलेला जुना लष्करी ट्रक आहे, आणि तो घेऊन त्याला बायकोबरोबर लडाखला जायचं आहे. "ताई, इंजिन तुमच्या आबांनी बांधलेलं हाय," तो म्हणाला. "सव्वीस वर्षांत दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नाय. म्हणून तुमच्याकडं आलो." तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली आणि येरवड्याच्या आपल्या गॅरेजात अजून माणसं तुमच्या नावाने येतात. मला त्याचा अभिमान वाटतो, आणि थोडा रागही येतो. पण हे पत्र त्या ट्रकसाठी लिहीत नाहीये. त्या ट्रकच्या पायी माझ्याकडे अकरा वर्षं काम करणारा माणूस सोडून गेला, त्यासाठी लिहिते आहे.

तुमच्या लेकीला शोभेल अशीच मी सुरुवात केली, म्हणजे आधी गिऱ्हाइकावर संशय घेतला. ह्याला खरंच लडाखला जायचंय, की हीटर लावून ट्रक कोणा डोंगराळ भागातल्या माणसाच्या गळ्यात मारायचाय? मी त्याला एकच गोष्ट तीन वेळा तीन तऱ्हांनी विचारली. मग त्याच्या बायकोला बाजूला घेऊन विचारली. तिने पिशवीतून नवे लोकरी मोजे काढून दाखवले, किमतीची चिठ्ठीही अजून काढलेली नव्हती. म्हणाली, "मला थंडी सोसत नाय. ते म्हणत्यात हीटर बसला तरच तुला नेतो. तेवढं बघा ताई, जलमात एकदा निघालेय." तेव्हा कुठे माझा विश्वास बसला, आणि तोही अर्धाच.

हे माझ्यात कुठून आलं ते विचारायला नको. लष्कराच्या वर्कशॉपातल्या नोकरीत तुम्हाला दुसऱ्याने आवळलेला प्रत्येक नट पुन्हा उघडून बघायची सवय लागली, आणि ती सवय घेऊन तुम्ही घरी आलात. आई म्हणायची, ह्यांनी माझ्या कुकरचं झाकणसुद्धा कधी मी लावलं तसं राहू दिलं नाही. मी एकोणीस वर्षांची असताना तुम्ही मला एक आरसा दिलात, दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला, लांब दांडीचा, चार आण्याच्या नाण्यापेक्षा थोडा मोठा. "मागून बघायचं," तुम्ही म्हणालात. "पुढून सगळी कामं चांगलीच दिसतात." मला साडी नको होती, पण अगदीच आरसा मिळेल असंही वाटलं नव्हतं. त्याच महिन्यात मी माझं पहिलं ब्रेकचं काम केलं. तुम्ही ते गिऱ्हाइकासमोर चाकापर्यंत सगळं उघडलंत, एकही चूक सापडली नाही, पुन्हा जोडलंत आणि म्हणालात, "आता बरोबर झालं." आबा, ते आधीच बरोबर होतं. मी रेडिएटरांच्या ढिगामागे जाऊन रडले होते. तुम्हाला ते कळलं होतं का, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही.

माझ्याकडच्या माणसाला तुम्ही पाहिलेलं नाही. तुमच्यानंतर सहा वर्षांनी तो यवतमाळकडून आला. पंचेचाळिशीचा आहे, कमी बोलतो, चहात साखर दोन चमचे घालतो आणि हत्यारं पुसून जागेवर ठेवतो. तुम्हीसुद्धा त्याला ठेवून घेतलं असतंत. त्यालाही मी हीटरचं बोलले तेव्हा तो डोकं खाजवायला लागला. आपण सगळे हीटर काढण्यात तरबेज. गळायला लागला की दोन पाइप एकमेकांना जोडून मोकळं व्हायचं, इथे कोणाला हवाय! बसवलेला कोणीच नाही. जुन्या बाजारातून त्याने एका जीपचा हीटर शोधून आणला. दुकानदार म्हणाला, थंड मुलखातून आलाय, एकदम चालू. मी तो घरी नेला, अंगणातल्या नळाला लावून दोन तास पाणी सोडलं, गळतो का ते बघितलं. गळला नाही. पंखा बारा व्होल्टचा निघाला आणि ट्रक चोवीसचा, म्हणून पंख्याची मोटर बदलली. दुकानदाराने ते सांगितलं नव्हतं, त्यामुळे त्याच्यावरचा माझा संशय खरा ठरला आणि मला बरंच वाटलं.

मग आम्ही केबिन आणि इंजिनामधल्या पत्र्याला दोन भोकं पाडली, कडा घासल्या, रबरी वायसर बसवले. एका पाइपाने इंजिनातलं गरम पाणी केबिनमध्ये आणायचं, हीटरच्या जाळीतून फिरवायचं, दुसऱ्याने परत पाठवायचं. जाळीमागे पंखा, म्हणजे पायाशी गरम वारा. काम म्हणून त्यात काही अवघड नाही. एका दिवसात झालं. संध्याकाळी ट्रक चालू केला, अर्धा तास चालवला, पंखा लावला. वारा आला, पण कोमट. आजारी माणसाने फुंकर घालावी तेवढाच.

तिथून पुढचे चार दिवस मी त्या माणसाला छळलं. पाइप उघडे असले की त्यांत कचरा जाऊ नये म्हणून आपण चिंधीचा बोळा घालून ठेवतो ना, मी म्हणाले, तू बोळा आतच विसरलास. तो म्हणाला, "नाही ताई, काढला." मी सगळे पाइप उघडायला लावले. बोळा नव्हता. मग म्हणाले, पाइप उलटे जोडलेस. ते सुलटेच होते, तरी बदलून पुन्हा बदलायला लावले. मग जाळीत हवा अडकली असेल म्हणून पाणी काढायला आणि भरायला लावलं, दोनदा. पाचव्या दिवशी तो बागायतदार बघायला आला आणि त्याच्यासमोर मी म्हणाले, "अकरा वर्षांत फक्त चिंध्या कोंबायला शिकलास का रे?" आपल्या पुण्यातल्या माणसांना असं बोलणं म्हणजे दोन घटकांची करमणूक वाटते. तो हसला नाही. एरवी तो आमच्यासारखंच बोलतो, पण लागलं की गावाकडचं येतं तोंडात. "ताई, मी चोर नाही आन् आंधळाही नाही," तो म्हणाला. "तुमाले माह्यावर भरोसा नसंल तर मले जाऊ द्या." हात धुतले, टॉवेलला पुसले, डबा घेतला आणि गेला. दुसऱ्या दिवशी आला नाही, तिसऱ्या दिवशी त्याच्या बायकोने फोन करून सांगितलं की ते आता हडपसरला एका गॅरेजात लागलेत.

बागायतदाराने मला आठवडा दिला, मग तोही थांबेना. ट्रक घेऊन पहाटेचा महाबळेश्वरला जाऊन आला आणि फोनवर म्हणाला, "ताई, गार वारा लई झकास येतोय. उन्हाळ्यात कामाला यील. पण आमाला सोमवारी निघायचंय, आन् बायकूनं बॅग भरलीय." त्या बाईचे मोजे माझ्या डोळ्यांसमोर आले. म्हणाले, ट्रक घेऊन या, मी स्वतः बघते.

इंजिनाच्या डोक्यावर, जिथून वरचा पाइप रेडिएटरकडे जातो, तिथलं झाकण मी उघडलं. आतमध्ये थर्मोस्टॅट नव्हता. पाणी नीट तापेपर्यंत त्याला रेडिएटरकडे जाऊ न देणारी ती पितळेची छोटी झडप, तिची जागाच रिकामी. ती नसली की थंडीत पाणी तापत म्हणून नाही, मग हीटरला द्यायला गरम पाणी येणार कुठून? आणि झाकणाखालचं पॅकिंग बघितलं तेव्हा माझे हात थांबले. ते जाड पिवळ्या कागदाचं होतं, तेलाने काळपटलेलं, पण एका कोपऱ्यात लाल अक्षरं अजून शाबूत होती: "आमचे येथे". आबा, माझ्या लग्नाच्या उरलेल्या पत्रिकांचा गठ्ठा तुम्ही गॅरेजात नेला होता. कागद जाड आहे, पॅकिंगला बरा, म्हणून. माझ्या लग्नाची पत्रिका पुण्यातल्या दुसऱ्या कोणत्या मेकॅनिकने इंजिनात घातली असेल?

मग मला ते स्वयंपाकघर दिसतं. मी दहा-अकराची. आईचं चहाचं पातेलं तुम्ही गॅसवर ठेवलंय आणि दोऱ्याला बांधून थर्मोस्टॅट पाण्यात सोडलाय. आई मागून ओरडते आहे की त्या भांड्यात मी आता चहा करणार नाही. पाण्याला बुडबुडे येतात आणि ती झडप हळूच उघडते, आणि मी टाळ्या वाजवते. तुम्ही मात्र हसत नाही. तुम्ही सांगता, खंबाटकी घाटाच्या चढावर ही झडप बंदच राहिली आणि तुमच्या हातातलं इंजिन जळालं, साहेबाने सगळ्यांदेखत झापलं. "आपल्याकडे हिची गरज नाही," तुम्ही म्हणता. "जी वस्तू आपल्या हातात नाही तिच्यावर भरवसा ठेवायचा नाही." तेव्हापासून तुमच्या हाताखालून गेलेल्या प्रत्येक गाडीचा थर्मोस्टॅट तुम्ही काढलात. मीही काढत आले. आजपर्यंत किती काढले असतील देव जाणे. आणि कधी मनात आलं नाही की हे तपासून बघावं. दुकानदार, गिऱ्हाईक, माझा स्वतःचा माणूस, सगळ्यांच्या मागे आरसा धरला. तुमच्या कामामागे कधीच नाही.

मी नवा थर्मोस्टॅट बसवला, नव्या कागदाचं पॅकिंग कापलं. वीस मिनिटांत केबिनमध्ये असा वारा आला की बागायतदाराच्या बायकोने पदराने कपाळ पुसलं आणि ती मोठ्याने हसली. त्याने विचारलं, "काय होतं ओ?" मी म्हणाले, "जुनी झडप होती, गंजली होती. बदलली." तो म्हणाला, "आबांचं काम आन् गंजलं?" मी म्हणाले, सव्वीस वर्षं झाली की हो. सोमवारी ते गेले. बाईने मनालीहून फोन केला होता, पाय गरम आहेत म्हणून सांगायला.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी मी त्या माणसाच्या खोलीवर गेले. त्याच्या बायकोने चहा केला, साखर दोन चमचे, मलाही. मी म्हणाले, "चुकले रे. बोळा नव्हताच. थर्मोस्टॅटच नव्हता आत." त्याने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "मले पहिल्याच दिवशी समजलं होतं ताई. ट्रक चालू केला की रेडिएटरकडचा वरचा पाइप लगेच कोमट होत होता." मी विचारलं, मग बोलला का नाहीस? "आबांचं इंजिन होतं," तो म्हणाला. "तुमच्यासमोर आबांचं काही काढलं की तुमचं तोंड कसं होते, ते अकरा वर्षं पाहतो आहे. मले वाटलं, तुमाले तुमच्या हातानं सापडू द्यावं." आणि मग त्याने अगदी साध्या आवाजात विचारलं, "तुमाले खरंच समजलं नव्हतं?"

मी म्हणाले, नाही. तो म्हणाला, बरं. पुढच्या महिन्यापासून येतो म्हणाला, आणि जिन्यापर्यंत सोडायला आला.

आबा, हीटर बसवला त्याच्या दुसऱ्या दिवशी ट्रक चालू झाल्या झाल्या मी वरच्या पाइपवर हात ठेवला होता. थर्मोस्टॅट असता तर तो पाइप बराच वेळ गार राहिला असता. तो लगेच कोमट व्हायला लागला. मी तेव्हाच समजले, मी हात काढून घेतला, आणि आत जाऊन त्या माणसाला विचारलं, बोळा काढलास का. हे त्याला सांगायचं होतं, आणि मी ते तुम्हाला लिहीत बसले आहे, कारण तुम्ही उठून मला काही विचारणार नाही.