मोडक्या चाकूची आणि बाकीची व्यवस्था

मी, तोमे इनाओका, वय एकोणऐंशी, राहणार मिकी गाव, नदीपलीकडची लोहारआळी, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हातानं, शाईनं, कोणाच्याही धाकाशिवाय लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. गुडघे शाबूत नाहीत, पण गुडघ्यांनी काही लिहायचं नसतं. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही, कारण देण्यासारखं काही नव्हतं आणि घेणारं कोणी नव्हतं. आजही फारसा फरक नाही.

कलम १. राहतं घर मी माझ्या धाकट्या भावाची बायको सावाए हिला देते. छप्पर गळतं, मागची भिंत फुगली आहे, आणि विकायला काढलं तर कुत्रंही विचारणार नाही. शाळांनी पोरांच्या खिशातले चाकू काढून घेतले तेव्हापासून आमच्या चाकू घडवणाऱ्या आळीतल्या भट्ट्या एकेक करून विझल्या आणि भट्ट्यांमागोमाग माणसं गेली. नको असेल तर सावाएनं खुशाल नाकारावं. रागवायला मी नसेन.

कलम २. टपाल कार्यालयातल्या खात्यात जे आहे त्यातून माझं दहन करावं, उरेल ते सावाएला. देवळातल्या भिक्षूंनी मला मेल्यावरचं नाव छोटंसंच द्यावं. लांबलचक नावाची दक्षिणा लांबलचक असते, आणि ते नाव घेऊन हाक मारणारं कोणी उरलेलं नाही.

कलम ३. पितळी मुठी वाकवायचा माझा साचा आणि हातोडी तोकुझो धारवाल्याला. लग्न मोडून मी माहेरी परत आले ते थेट वडिलांच्या भट्टीवर. ते पातं घडवायचे, मी मूठ वाकवायची. तोकुझोनं साचा वापरावा असं माझं म्हणणं नाही. आता मुठी वाकवतंय कोण? पण भंगारात घालायचाच असेल तर वर्षभर थांबावं, एवढी लाज राखावी.

कलम ४. संत्र्याचं झाड शेजारच्या उमेहाराबाईंना. तशाही त्या कुंपणावरून तोडतातच. माझ्या हातोडीच्या आवाजाची तक्रार त्यांनी जन्मभर केली. त्यांना मी शांतताही देते, ती माझ्यामागे आपोआप मिळेल.

कलम ५. आता चाकू. खरं तर हे सगळं लिहायला बसले ती त्याच्यासाठीच.

खिशात मावणारा घडीचा चाकू आहे. पातं वडिलांच्या हातचं, मूठ माझ्या. पात्यामागचं शेपूट अंगठ्यानं दाबलं की उघडतो. आमच्याकडे माणूस गेलं की त्याच्या छातीवर पातं ठेवतात, टोक पायांकडे करून, म्हणजे वाईट काही जवळ येत नाही. वडील गेले तेव्हा हाच चाकू त्यांच्या छातीवर होता. शवपेटीचं झाकण लावण्याआधी तो उचलायचा असतो. मी हात घातला, त्याच वेळी माझ्या भावानं, किहाचीनंही घातला.

"सोड," तो म्हणाला. "भट्टीची वस्तू भट्टीत राहील. तू लग्न होऊन गेलेलीस."

"गेले होते ना, आले की परत! आणि मूठ कोणी केली, तुझ्या बायकोनं?"

भर सुतकात, बापाच्या उशाशी, आम्ही दोघं पोरांसारखी ओढाताण करत होतो. पातं पेटीच्या कडेत अडकलं आणि कट्‌कन मोडलं. वडिलांनी पाणी दिलेलं पातं वाकत नाही, मोडतं. आम्हीही त्यांचीच मुलं. किहाचीनं टोक उचललं आणि म्हणाला, "तुला मूठ हवी होती ना? घे. टोक माझ्याकडे राहील." त्यानंतर चाळीस वर्षं तो पुलाच्या त्या बाजूला आणि मी या बाजूला.

यंदा थंडी सरताना छातीत कळ आली तेव्हा मी चाकू तोकुझोकडे नेला. मला तो माझ्या छातीवर हवा आहे. दुसरा कुठलाही नको. पण टोकच नाही, तर पायांकडे करायचं काय?

तोकुझो म्हणाला, "तोमेताई, पाठीकडून घासून नवं टोक काढतो. पातं बुटकं होईल, बाकी काही नाही."

"म्हणजे जुनं टोक कधी यायचंच नाही, असं मी मान्य करायचं?"

"मग नवं पातं बसवू."

"आणि वडील काढून टाकू? वा रे वा!"

"मग उरलं डाग देऊन दोन तुकडे सांधणं. डागाच्या आचेनं पात्याचं पाणी उतरेल, भाजीसुद्धा कापणार नाही. पण छातीवर ठेवायला धार कशाला लागते? फक्त दुसरा तुकडा आणा."

मी तोकुझोच्याच हाती किहाचीला निरोप धाडला, की टोक दे. किहाचीचं उत्तर आलं, "मूठ घेऊन तिलाच यायला सांग." मी म्हटलं, त्याला काय पाय नाहीत? आणि वाट पाहत बसले. तोही बसला असणार. पावसाळा संपता संपता त्याला झटका आला. मग गेले मी दवाखान्यात, मूठ घेऊन. त्यानं माझ्याकडे पाहिलं ते भिंतीकडे पाहावं तसं.

दुसऱ्या दिवशी सावाए चहाच्या डब्यात टोक घेऊन आली. "वन्सं, दर वर्षअखेरीला हे टोक काढून बसायचे. तेल लावायचे, घासायचे. मला हात लावू द्यायचे नाहीत."

टोक आरशासारखं लखलखत होतं. माझा तुकडाही तसाच होता, कारण दर वर्षअखेरीला मीही तेच करत होते. लोहाराच्या घरात पात्याला गंज चढू देत नाहीत, भांडण असलं म्हणून काय झालं?

तोकुझोनं दोन्ही तुकडे पाटावर जुळवले. पुन्हा जुळवले. मग हात मांडीवर ठेवून बसला.

"भेटत नाहीत," तो म्हणाला.

"भेटत नाहीत म्हणजे?"

"गंज मोडल्या कडेवरच आधी धरतो ना, ताई. दोघांनी ती कडच घासलीत. चाळीस वर्षं, दोन्हीकडून. मधलं पातं खाल्लंत तुम्ही दोघांनी." तांदळाच्या दाण्याएवढी फट होती. "मध्ये दुसरं लोखंड भरून जोडता येईल. म्हणाल तसं."

वडिलांच्या पात्यात परकं लोखंड नको, असं मी सांगितलं. सावाए रडली. मला रडू आलं नाही, फक्त राग आला, आणि तो कोणावर काढायचा तेही कळेना. गंजू दिलं असतं तरी जुळलं नसतंच. इतकं निगुतीनं जपलं, तरीही नाहीच.

कलम ६. आमच्यापैकी जो आधी जाईल त्याच्या छातीवर त्याचा त्याचा तुकडा ठेवावा, असं मी इथे लिहिलं होतं. ते कलम मी खोडलं आहे आणि खोडल्या जागी माझा शिक्का मारला आहे. भात्याच्या सणादिवशी, लोहार भट्टी पुजतात त्या दिवशी, सकाळी किहाची गेला. टोक त्याच्या छातीवर पायांकडे करून मीच ठेवलं, आणि झाकण लावण्याआधी मीच उचललं. या वेळी दुसरा हात आला नाही.

कलम ७. म्हणून शेवटची इच्छा अशी. माझ्या छातीवर दोन्ही तुकडे ठेवावेत, आधी मूठ, मग टोक, पायांकडे करून. मध्ये फट राहील. ती सरकवून झाकू नये. नंतर दोन्ही तुकडे तोकुझोच्या भंगाराच्या डब्यात, पण एकत्र टाकावेत. त्यांना कोणी तेल लावू नये, घासू नये. आता गंजू द्यावं.

असल्या स्वतःच्या हातानं लिहिलेल्या मृत्युपत्राला आमच्याकडे कायद्यानं साक्षीदार लागत नाहीत. मला लागतात, म्हणून या दोघांना बसवून हे सगळं वाचून दाखवलं.

ठिकाण : मिकी, लोहारआळी
हेइसेइ शक २० (सन २००८), नोव्हेंबर १२
तोमे इनाओका (शिक्का)

साक्षीदार :
१. तोकुझो हिराता, धारवाला. साचा वर्षभर नव्हे, मी असेपर्यंत ठेवीन.
२. सावाए इनाओका. वन्सं, घर मी घेते.