जावईबापूंचा खेळ आणि आमची लावणी

टोकावडे, आषाढ १९९८

तीर्थरूप राघोमामांच्या पायांशी भाचा साईनाथ याचा दंडवत. मामींना नमस्कार, दिपेशला आशीर्वाद. तुमचं पित्त कसं आहे? कचेरीतला चहा कमी केलात का? आमच्याकडे सगळं ठीक आहे. (हेच परवा लिहिलं असतं तर खोटं ठरलं असतं.) आमची लावणी झाली, हे आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं तुम्ही शांतपणे वाचाल.

तुमचे जावई आदेशराव पुण्याहून संशोधनाला आले. तुम्हीच पाठवलेत, तेव्हा आम्हाला आनंदच झाला. वैष्णवीचे यजमान घरी उतरणार म्हणून आईनं कोंबडा कापला. विषय काय, तर माणसं मजुरी न घेता एकमेकांच्या शेतात का राबतात. मी म्हटलं, ही आमची सावड. आज गाव माझ्या शेतात, उद्या मी गावाच्या. ते म्हणाले, बरोबर, पण समोरचा फसवणार नाही कशावरून? (दुसरा कोणी असता तर मी त्याला बांधावरूनच परत पाठवला असता. जावई म्हणून कोंबड्याचा रस्सा वाढला.)

मग त्यांना बायकांना शाळेत जमवून एक खेळ खेळवायचा होता, आणि दिवस धरला नेमका आमच्या शेतातल्या सावडीच्या पाळीचा. आम्ही आदल्या संध्याकाळी रोपं उपटून मुठी बांधून ठेवलेल्या. उपटलेलं रोप फार थांबत नाही, वेळेत लावलं नाही तर कुजतं. वर्षाचा तांदूळ त्यात. पण जावयाला नाही कोण म्हणणार? आई तर डोळे वटारून माझ्याकडेच बघत होती. बायका शाळेत गेल्या आणि आम्ही मुठींवर पाणी मारत बसलो.

खेळ असा. पडद्याच्या दोन बाजूंना दोघी. प्रत्येकीकडे एक पांढरी चिठ्ठी, एक लाल. दोघींनी पांढरी दिली तर दोघींना एकेक पातेलं. एकीनंच लाल दिली तर तिला दोन पातेली, दुसरीला काही नाही. दोघींनी लाल दिली तर एकेक चमचा. पलीकडे कोण बसलंय ते मात्र सांगायचं नाही. धोंडूबाईनं चिठ्ठी पदरात खोचली आणि नाव कळल्याशिवाय देणार नाही म्हणाली. तिच्या मागोमाग सगळ्या तशाच. आदेशरावांचं शास्त्र दुपारपर्यंत पडद्याला टेकून उभं होतं. शेवटी त्यांनी पडदा काढला, तशी सगळ्यांनी पांढरी दिली आणि दिवस कलताना पातेली घेऊन घरी गेल्या.

इथवर ठीक होतं. पण संध्याकाळी धोंडूबाई आमच्या ओटीवर आली आणि जावईबापू तिच्या शेतात कधी येणार, असं विचारू लागली. मजुरी न ठरवता कामाच्या दिवसात माणसं बोलावली, म्हणजे सावड घेतली, हा गावचा नियम. आदेशरावांनी मजुरी देऊ केली.

"मजुरी परक्यानं द्यायाची," ती म्हणाली. "तुमी त घरचं जावई. आमी दिस दिला, तुमी दिस द्या."

जावयाला चिखलात उतरवायचं म्हणजे नाक कापलं गेलं असं आईला वाटत होतं. पण आदेशराव हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी शेजारच्या लडकूची पाळी होती. जावई दिवस फेडायला सगळ्यांत आधी आपल्याकडे येणार हे ऐकून त्यानं ती पाळी आम्हाला दिली आणि स्वतःची एक दिवस पुढं ढकलली. मामा, खरं सांगतो, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मुठी पिवळ्या पडू लागल्या होत्या, पण संध्याकाळपर्यंत शेवटची लागली. रात्री मी पोटभर जेवलो आणि मेल्यासारखा झोपलो. आदेशराव मागं सरकत लावताना दोनदा चिखलात बसले, पण त्यांच्या ओळीही तग धरून आहेत.

आपला,
साईनाथ

ता. क. जावई चिखलात बसल्याचं वैष्णवीला कळवू नये.

ता. क. दुसरा. लडकूचा दिवस फेडून आदेशराव आज पुण्याला गेले, त्यांची रजा संपली. बाकीच्या घरांचे दिवस राहिलेत. ते फिटले नाहीत तर पुढच्या वर्षी आमच्या शेतात कोणी पाय ठेवणार नाही. जावयाचं देणं सासऱ्यानं फेडलं तरी चालतं, असं गावात ठरलं आहे. तरी रविवारी पहिल्या एसटीनं यावं. जुनी विजार आणावी.

ता. क. तिसरा. तुम्हाला रजा मिळणार नाही, असं मी धोंडूबाईला सांगून पाहिलं. ती म्हणाली, "मंग मामीला धाडा. मामाच्यान कुठं लावणी व्हत व्हती?"