चाळीसवर अडकलेला आकडा

मंगळवार, संध्याकाळ

यांचा हातात धरून खेळायचा गेम अजून चाळीस टक्केच चार्ज दाखवतोय. हे गेल्यापासून मी तो बंद पडू दिलेला नाही. यांचा अर्धा खेळ त्यात थांबलाय, पुलावरचा माणूस तसाच उभा आहे.

दुरुस्तीवाला म्हणाला, "काकी, देवाजवळचा दिवा आहे का हा? सतत चार्जिंगला ठेवलात, म्हणून आकडा चुकतोय. एकदा पूर्ण संपू द्या." इंग्रजी पुस्तिकेत शब्द लावत लावत मीही तेच वाचलं. पण मग यांचा खेळ जाईल, त्याचं काय?

शेवटी आत्ता वायर काढली. अजून चाळीसच. म्हणजे कधी विझेल ते कळणार नाही. इस्पितळात मी चहा आणायला खाली गेले, तेवढ्यात हे गेले. आज जागची उठणार नाही.